अर्ध्या वचनावर उभी केलेली सत्ता

बायबल सत्तेबद्दल दोन तोंडांनी बोलते, हा आक्षेप जुना आहे. तो घेणारे बायबल न वाचताच बोलतात, असे समजण्याचे कारण नाही. पुष्कळदा त्यांचे वाचन रविवारी उपासनेला बसणाऱ्यांपेक्षा बारकाईचे असते. ते दाखवून देतात, की रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सगळ्यांना अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो आणि कारण देतो, की अधिकार म्हणून जो काही आहे तो देवाकडूनच आलेला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात मात्र पेत्र भर न्यायसभेत सांगतो, की माणसाचा हुकूम आणि देवाचा हुकूम यांची गाठ पडली तर आम्ही देवाचाच पाळू. होशेय संदेष्ट्याच्या तोंडून देव तक्रार करतो, की इस्राएलाने राजे बसवले ते मला न विचारता. शमुवेलाच्या पुस्तकात राजा मागणे म्हणजे देवालाच नाकारणे ठरते. आणि त्याच पुस्तकात पुढे दावीद शौलावर हात टाकत नाही, कारण शौल देवाचा अभिषिक्त. पौलाच्या पत्रात रोमचा अधिकारी देवाचा सेवक आहे, तर प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात सत्ता समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाच्या रूपात दिसते. आक्षेपकांचा निष्कर्ष असा, की या ग्रंथात राजासाठी एक वचन आहे आणि बंडखोरासाठी दुसरे, ज्याला जे सोयीचे ते त्याने उचलावे.

दुसरीकडे मंडळीच्या आतही एक मत आहे, आणि मला ते आक्षेपकांच्या मतापेक्षा जास्त खुपते. या लोकांना विसंगती दिसतच नाही, कारण त्यांच्या लेखी एकच अध्याय आहे. कोणी अन्यायाबद्दल बोलू लागला, कोणी हिशेब विचारला, कोणी पोलीस ठाण्यावर किंवा कलेक्टर कचेरीवर अर्ज घेऊन जायचे म्हटले, की लगेच त्याला रोमकरांसचा तेरावा अध्याय ऐकवला जातो. शास्त्र गप्प राहायला सांगते, तेव्हा गप्प राहा.

आक्षेपक आणि हे आज्ञाधारक एकमेकांचे विरोधक दिसतात, पण दोघांची चूक एकच आहे. दोघेही वचन अर्ध्यावर थांबवतात. मला या लेखात दाखवायचे आहे ते इतकेच, की ज्या वचनांनी बायबल माणसाला सत्तेच्या अधीन राहायला सांगते, त्याच वचनांत सत्तेची हद्दही आखलेली आहे. ती हद्द बाहेरून, दुसऱ्या कुठल्या पुस्तकातून आणून चिकटवावी लागत नाही.

तेराव्या अध्यायापासूनच सुरुवात करू, कारण भांडण त्यावरच आहे. पौलाने पत्र लिहिले तेव्हा त्यात अध्याय नव्हते. आज आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले. त्यामुळे बाराव्या अध्यायाच्या शेवटी पौल जे म्हणतो ते आणि तेराव्याच्या सुरुवातीला म्हणतो ते एका दमात वाचायचे आहे. बाराव्याच्या शेवटी तो छळणाऱ्यांना आशीर्वाद द्यायला सांगतो, सूड स्वतः घेऊ नका, तो देवावर सोपवा म्हणतो, आणि शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला म्हणतो. मग अधिकाऱ्यांचा विषय येतो. तो संपताच पौल म्हणतो, की प्रीतीखेरीज कोणाचे काही देणे ठेवू नका, कारण प्रीती शेजाऱ्याचे वाईट करत नाही आणि सगळे नियमशास्त्र त्यातच भरून पावते. आधी प्रीती, नंतरही प्रीती, आणि मधे अधिकारी. हा मधला तुकडा कापून दरबारात फ्रेम करून लावला, तर तो पौलाचा उरत नाही.

आता तो तुकडाही नीट पाहू. अधिकारी देवाचा सेवक आहे असे पौल म्हणतो, पण कशासाठी सेवक? तुझ्या भल्यासाठी, चांगले करणाऱ्याला धीर आणि वाईट करणाऱ्याला धाक वाटावा म्हणून. हे कारण त्याच वाक्यांत आहे. कुलमुखत्यारपत्र घेतलेल्या माणसाला जमिनीचे व्यवहार करण्याचा अधिकार असतो, तो खोटा नसतो, आणि कोर्टही तो मानते. पण तो अधिकार मालकाकडून आलेला असतो म्हणूनच त्याला मालकाच्या मुळावर उठता येत नाही. ज्या दिवशी तो जमीन स्वतःच्या नावावर करू लागतो त्या दिवशी त्याच कागदावरून त्याला जाब विचारता येतो. सत्ता देवाकडून आहे हे वाक्य सत्तेची स्तुती म्हणून वाचले जाते. रोममध्ये, जिथे कैसरालाच देव मानायची चाल पडत होती, तिथे ते वाक्य कैसराला त्याच्या जागी बसवणारे होते. हे पत्र साधारण इसवी सन ५७ मधले, म्हणजे नीरोच्या कारकिर्दीतले. त्याच्या काही वर्षे आधी क्लौद्याने यहूद्यांना रोममधून बाहेर काढले होते. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे त्यातच घरदार सोडून करिंथला आले आणि पौलाला भेटले. ज्यांना हे पत्र लिहिले ती घराघरांत जमणारी मूठभर माणसे होती. त्यांच्या हाती मत नव्हते, फौज नव्हती. कर भरा, भांडण ओढवून घेऊ नका, हा त्यांना दिलेला सल्ला शहाणपणाचा होता. त्यातून कुठल्याही सरकारच्या कुठल्याही हुकमाला कायमची मोहोर मिळाली, असे मानायला पत्रात आधार नाही.

आणि लिहिणारा माणूस स्वतः कसा वागला? करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायाच्या अगदी शेवटी पौल एक आठवण सांगतो. दिमिष्कात अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने त्याला धरण्यासाठी शहरावर पहारा बसवला होता. पौलाला पाटीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडले आणि तो निसटला. म्हणजे ज्या हाताने अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असे लिहिले, तोच हात त्या पाटीच्या दोराला धरून होता. पौलाने ही गोष्ट लपवली नाही, स्वतःच्या दुबळेपणाची म्हणून उघड सांगितली.

फिलिप्पैची गोष्ट त्याहून बोलकी आहे. तिथे पौल आणि सीला यांना चौकशी न करता, भर चौकात, कपडे काढून छड्या मारल्या, आतल्या कोठडीत टाकले आणि पाय खोड्यात अडकवले. रात्री भूकंप झाला, दारे उघडली. ते पळाले नाहीत. तुरुंगाचा नाईक घाबरून जीव देऊ लागला तेव्हा पौलाने त्याला हाक मारून थांबवले. सकाळी वरून निरोप आला, या माणसांना सोडून द्या. आज्ञाधारक माणूस मुकाट्याने चालता झाला असता. पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला न्याय न करता लोकांसमोर मारले, आणि आता गुपचूप घालवता काय? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असा त्याने उलट निरोप धाडला. शहराचे अधिकारी आले, त्यांनी विनवणी केली आणि मग पौल तिथून निघाला. कायद्याचा मान आणि अधिकाऱ्याला जाब, दोन्ही एकाच सकाळी एकाच माणसाने केले. पुढे फेस्तासमोर खटला उभा राहिला तेव्हा त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. ज्यांना कोर्टकचेरी म्हणजे विश्वासाचा अभाव वाटतो, त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांची शेवटची पाने पुन्हा वाचावीत.

पेत्राचेही तेच. त्याच्या नावाच्या पहिल्या पत्रात राजाला मान द्या असे आहे, आणि न्यायसभेपुढचे त्याचे उत्तरही आहे. विसंगती दाखवणारे हे दोन कागद शेजारी ठेवतात आणि थांबतात. पण न्यायसभेच्या प्रसंगात पेत्राने काय केले ते पाहावे. त्याने सभेला शिव्या दिल्या नाहीत, तिचा चौकशीचा अधिकार नाकारला नाही, बोलावले तेव्हा तो गेला. एकच हुकूम मोडला, येशूच्या नावाने बोलू नका हा. त्याबद्दल फटके खाल्ले आणि त्यानंतरही मंदिरात रोज बोलत राहिला. पत्रातही राजाला मान आणि देवाचे भय या दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या आहेत. भय राजाच्या वाट्याला दिलेले नाही.

कैसराचे कैसराला, हे तर सगळ्यांना पाठ आहे. त्यावर फार लिहीत नाही. प्रश्न विचारणाऱ्यांनी नाणे स्वतःच्या खिशातून काढून दाखवले, आणि येशूने त्यावरच्या मुखवट्याचा मालक विचारून ते त्याला परत करायला सांगितले, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. कैसराच्या वाट्याला नाणे गेले. उरलेल्या सगळ्याबद्दल दुसरे अर्धे वाक्य आहे, आणि ते म्हणताना लोकांचा आवाज का खाली येतो हे मला कळत नाही.

आता होशेयाकडे वळू, कारण तिथे आक्षेप खरोखर टोकदार आहे. अधिकार देवाकडूनच असेल, तर देवाला न विचारता राजे कसे बसले? याचे उत्तर योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात पिलातासमोर मिळते. तुला सोडायचा आणि खिळायचा अधिकार मला आहे, अशी धमकी पिलात देतो. येशू म्हणतो, तो तुला वरून दिलेला आहे. म्हणून ज्याने मला तुझ्या हाती दिले त्याचे पाप मोठे. हे उत्तरही लोक निम्मेच वापरतात. पहिला भाग ऐकून पिलाताला देवाचा शिक्का मिळाला असे वाटते. दुसऱ्या भागात एकाचे पाप मोठे म्हटले आहे, म्हणजे दुसऱ्याचे लहान का होईना, पण आहेच. अधिकार वरून मिळाला म्हणून पाप माफ होत नाही, उलट पापाची मोजणी तिथूनच सुरू होते. यशयाच्या दहाव्या अध्यायात अश्शूर देवाच्या हातातली काठी आहे, आणि काठी स्वतःला मालक समजू लागली म्हणून देव तिचाच समाचार घेतो. देव एखाद्या राजाचा उपयोग करतो, आणि त्याच राजाला दोषीही धरतो. होशेय आणि पौल यांच्यात इथे भांडण नाही. एक सांगतो अधिकार कुठून येतो, दुसरा सांगतो तो कसा बळकावला गेला.

हा सगळा युक्तिवाद कागदी वाटत असेल तर नाशिककरांनी आपल्याच शहराकडे पाहावे. शरणपूर रोडवर आज दुकाने, दवाखाने आणि दिवसभर वाहनांची रांग असते. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तिथे, तेव्हाच्या गावाबाहेर, ख्रिस्ती वसाहत उभी केली. पूर्व आफ्रिकेतून पळवलेल्या मुलांनी भरलेली अरबांची गलबते इंग्रज आरमार समुद्रात पकडत असे. सोडवलेली मुले मुंबईला उतरवत, आणि त्यांतली पुष्कळ शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात येत. तिथे ती लिहावाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकली. १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी इथली नऊ मुले आपल्या शेवटच्या मोहिमेवर नेली. मागाहून त्या मोहिमेत सामील झालेल्या जेकब वेनराइटने लिव्हिंगस्टन वारल्यावर तिथल्या झाडावर अक्षरे कोरली, आणि शवाबरोबर इंग्लंडला जाऊन एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदेकऱ्यांत तो उभा राहिला. नाशिकच्या शाळेत अक्षरे गिरवलेला तो हात होता. हे आपल्या शहराच्या इतिहासात ठळक अक्षरांत असायला हवे, आणि नाही, याचे मला दुःख आहे.

पण माझा मुद्दा वेनराइटवर थांबत नाही. शरणपूरचीच काही माणसे १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या रबईला गेली होती. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर त्यांतले. पुढे १८७५ मध्ये प्राइस यांच्याच देखरेखीखाली मोंबासासमोर फ्रिअर टाउन वसले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव त्याला दिले होते. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये डीकनची दीक्षा मिळाली. इथे तेराव्या अध्यायाची खरी परीक्षा झाली. झांजिबारच्या सुलतानाने १८७३ मध्ये गुलामांचा समुद्रमार्गे व्यापार बंद केला होता, पण गुलाम बाळगणे कायदेशीरच होते. मोंबासाच्या मळेवाल्यांचे गुलाम पळून मिशनच्या वस्तीकडे धाव घेत. कायद्याने तो गुलाम मालकाची मालमत्ता. मळेवाले परत मागत होते, वस्तीवर चालून येण्याची भाषा करत होते. इंग्रज वकिलात आणि मिशनचे वरिष्ठ यांचे धोरण पळून आलेल्यांना थारा देऊ नये असेच होते. देशाचा कायदा, सुलतानाचा अधिकार, वरिष्ठांची आज्ञा, तिन्ही एका बाजूला उभे होते.

रबईत जोन्सने त्यांना थारा दिला. वर्षानुवर्षे दिला. १८८८ मध्ये प्रकरण उघड्यावर आले तेव्हा रबई आणि आसपासच्या मिशन-वस्त्यांत लपलेल्यांची संख्या सुमारे १४०० निघाली. शेवटी इंपिरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेंझी यांनी मालकांना पैसे देऊन तडजोड केली, आणि १ जानेवारी १८८९ रोजी त्या लोकांना सुटकेचे कागद मिळाले. भरपाई मालकांना मिळाली. ज्यांची उमेदीची वर्षे गुलामीत गेली होती त्यांना काय मिळाले, तर आपण आपले असल्याचा एक कागद. माणसांच्या न्यायाची पोच तेव्हा एवढीच होती.

जोन्सच्या मनात कुठले वचन होते हे मी सांगू शकत नाही. पण अनुवादाच्या पुस्तकाचा तेविसावा अध्याय कोणीही काढून पाहावा. मालकाकडून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला मालकाच्या स्वाधीन करू नकोस, त्याला आवडेल त्या गावात तुझ्यामध्ये राहू दे, त्याला छळू नकोस, असा तिथे स्पष्ट नियम आहे. आजूबाजूच्या राज्यांत पळालेला गुलाम परत करण्याचे करार होत असत. मोशेच्या नियमशास्त्रात मात्र हा नियम आला, आणि ज्या माणसाला स्वतः लहानपणी विकले गेले होते त्याने तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाळला. त्याच सुमारास हुकमाच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनाही आपण धार्मिकच वाटत असणार. दोघांच्या हातात एकच पुस्तक होते हे आक्षेपकांचे म्हणणे मला मान्य आहे. दोघांनी ते सारखेच पूर्ण वाचले होते हे मान्य नाही.

इथे आक्षेपक इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय पुढे करतील, आणि त्यांनी करावाच. दासांनी धन्याची आज्ञा मानावी असे तिथे आहे. ते वचन मला जड जाते आणि ते हलके करून दाखवण्याची मला इच्छा नाही. पौलाने गुलामगिरी मोडण्याची हाक दिली नाही, आणि त्या वचनाच्या आधारे शतकानुशतके माणसांच्या पाठी फोडल्या गेल्या. १८५० च्या कायद्यानंतर अमेरिकेत पळालेले गुलाम पकडून परत द्यावेत म्हणून व्यासपीठांवरून पौलच वाचला गेला. पण हे वाचणाऱ्यांनी त्याच परिच्छेदातला धन्यांना दिलेला इशारा किती वेळा वाचला? धमकावणे सोडा, तुमचाही धनी स्वर्गात आहे आणि तो तोंड पाहून न्याय करत नाही, हे पुढचेच वचन आहे. फिलेमोनाला लिहिलेल्या चिठ्ठीवजा पत्रात पौल अनेसिमाला परत पाठवतो, पण दास म्हणून नाही, भाऊ म्हणून घे असे सांगून, आणि त्याचे काही देणे असेल तर माझ्या खात्यावर टाक म्हणतो. मला पौलाकडून याहून जास्त हवे होते. पण जेवढे आहे तेवढेही मळेवाल्यांच्या बाजूने जात नाही.

दक्षिण आफ्रिकेत १९८५ च्या ईस्टरला राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा यांनी मोरिया इथे जमलेल्या लाखो काळ्या भाविकांपुढे हाच तेरावा अध्याय वाचला. त्याच सप्टेंबरात तिथल्या ख्रिस्ती धर्मशास्त्र्यांनी कैरोस नावाचे निवेदन काढले आणि राज्यकर्त्यांनी पौलाला कसे वापरले याची चिरफाड त्याच अध्यायावरून केली. वर्णभेदाच्या सरकारला उत्तर देण्यासाठी त्यांना बायबल बाजूला ठेवावे लागले नाही.

आणि सत्ता केवळ सरकारची नसते. चर्चची सत्ता ही माझ्या मते जास्त अवघड, कारण ती देवाच्याच घरात राहते. या बाबतीत महाराष्ट्राने जगाला दाखवण्यासारखे एक माणूस दिले आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्यानंतर चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, असा प्रश्न आला. लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी रमाबाईंना आज्ञाधारकपणाचे धडे दिले. ज्या बाईने शास्त्री-पंडितांच्या सभेत उभे राहून कोलकात्यात पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळवल्या, तिला आता बिशप सांगत होते की तू पुरुषांना शिकवलेस तर तुझा मान जाईल. रमाबाईंची उत्तरे आज पत्रव्यवहाराच्या रूपात छापलेली आहेत आणि ती प्रत्येक मराठी ख्रिस्ती घरात वाचली गेली पाहिजेत. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान काढून घेतली ती दुसरे जोखड घालण्यासाठी नाही, देवाच्या वचनापुढे मी वाकेन, वडीलधाऱ्यांचा सल्ला ऐकेन, पण माझी सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. बिशपांना त्यांनी अपमानाचा शब्द वापरला नाही. मागेही हटल्या नाहीत.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग असताना त्यांच्या आश्रमातल्या मुलीचे सरकारी प्लेग इस्पितळात जे हाल झाले त्याबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटात गेला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले, रमाबाईंनी ते मागे घेतले नाहीत. ही बाई ख्रिस्ती होती आणि राज्य ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे होते. तेराव्या अध्यायाचा जो अर्थ आपल्याला पाजला जातो तो खरा असता, तर तिने गप्प बसायला हवे होते. ती गप्प बसली नाही, आणि शेवटी केडगावला बसून तिनेच संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणले. ते १९२४ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. ज्यांना वाटते की बायबल नीट वाचले नाही म्हणून माणूस सत्तेला प्रश्न विचारतो, त्यांच्यापुढे मी रमाबाईंना उभे करतो. त्यांच्याइतके कोणी वाचले आहे?

आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेकीचे, लक्ष्मीबाईंचे, यजमान नारायण वामन टिळक यांनीही १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. मिशनवर राग म्हणून नव्हे, तर भारतीय ख्रिस्ती माणूस परक्या संस्थेचा आश्रित राहू नये म्हणून. हे लोक ख्रिस्ती परंपरेच्या कडेला उभे असलेले हट्टी अपवाद नव्हते. मराठी ख्रिस्ती समाजाचा कणा त्यांनीच घडवला.

एक खरा प्रतिप्रश्न उरतो. प्रत्येकाने आपल्या विवेकाला देवाचा आवाज म्हणायचे ठरवले तर राज्य कसे चालेल? कर चुकवणाराही सांगेल, मी देवाची आज्ञा मानतो. याला बायबलमध्येच कसोटी आहे आणि ती फार कठीण नाही. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिफ्रा आणि पुवा या सुइणी फारोचा हुकूम मोडतात तो दुसऱ्यांची बाळे वाचवण्यासाठी. दानीएल सिंहांच्या गुहेत जातो, पण राजाशी बोलताना आदर सोडत नाही. पेत्र फटके खातो. जोन्सने जोखीम घेतली ती पळून आलेल्या परक्या माणसांसाठी. ज्यांचा हुकूमभंग या ग्रंथात गौरवला आहे त्यांच्यापैकी कोणी स्वतःची तिजोरी भरण्यासाठी तो केलेला नाही, आणि येशूला धरायला आले तेव्हा उपसलेली तलवार त्याने म्यानात घालायला लावली. अहाब राजानेही नियम मोडला होता, नाबोथाच्या द्राक्षमळ्यासाठी, आणि एलीयाने त्याला तिथेच गाठले. हुकूम मोडणारा कोण, यापेक्षा तो कोणाच्या भल्यासाठी मोडतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहिले की कर चुकवणारा आणि सुईण यांत गोंधळ होत नाही.

म्हणून मंडळीतल्या वडिलांना माझी साधी मागणी आहे. तेरावा अध्याय वाचायचा असेल तर बाराव्याच्या चौदाव्या वचनापासून तेराव्याच्या दहाव्यापर्यंत एकत्र वाचा, आणि पुढच्या रविवारी फिलिप्पैचा प्रसंग वाचा. पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा हे इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातले वचन सांगायचे असेल, तर त्याच वचनात पुढाऱ्यांना हिशेब द्यायचा आहे हेही सांगा. आणि पैशाचा हिशेब मागणाऱ्याला बंडखोर म्हणू नका. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम नेताना पौलाने बरोबर दुसरी माणसे घेतली, कारण देवापुढेच काय, माणसांपुढेही आपल्यावर बोट येऊ नये असे त्याला वाटत होते. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्याने हे स्वतः लिहिले आहे. त्याच पौलाने अंत्युखियात पेत्राला, मंडळीच्या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या पुढाऱ्याला, सगळ्यांसमोर तोंडावर सांगितले की तू चुकतो आहेस, कारण पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवायला बसण्याचे टाळू लागला होता. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते भांडण जसेच्या तसे आहे. मंडळीने ते पत्र दडवले नाही. पेत्राच्या पत्रांशेजारी, त्याच नव्या करारात, ते आजही छापले जाते.